सात नंबर खणते आहे

— उजवा डोळा इकडे आहे.

— भाताच्या कुकरचं बटण उडालं. ऐकलंत?

— गेल्या खेपेला अंडी चौतीस होती.

— तुमच्या सदऱ्याची खांद्यावरची शिवण उसवलीय.

— चिमटा कुठे पडला?

— केदिरीला काल फार पाऊस झाला म्हणे.

— माझ्या पोटरीवर मुंगी चढतेय. तांबडी.

— चढू दे.

रात्मी: चढू दे काय? चावेल ना!

गियांतो: चावू दे. तू पाय झटकलास की ती खड्डा सोडणार.

रात्मी: आणि मी बोललेलं चालतं?

गियांतो: बोल. आवाजाचं तिला काही नाही. हललेलं दिसतं, आणि फरशीला धक्का बसला की कळतो. बोल. फक्त ओठ हलव.

रात्मी: सव्वीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा तुम्ही मला म्हणालात, बोल.

(जावातल्या एका घराची मागची पडवी. बारा पिंजरे, सगळ्यांत रंग बदलणारे सरडे. एका पिंजऱ्यावरची चादर निम्मी घसरली आहे. आत ओल्या मातीची बादली, बादलीत एक मादी. समोर गियांतो उकिडवा, हातात पाण्याचा फवारा. त्याची बायको रात्मी उंबऱ्यात उभी, हातात परात. दोघंही पुतळ्यासारखे.)

गियांतो: चादर कशाने घसरली?

रात्मी: वाऱ्याने. चिमटे जुने झालेत. मी म्हटलं होतं, बाजारात जाताय तर चिमटे आणा. तुम्ही आणलंत काय? पाचशे रातकिडे.

गियांतो: ती उपाशीपोटी खणेल का?

रात्मी: ती नाही, मी खणते उपाशीपोटी. सोयाबीनचे तेम्पे तळायला निघाले होते. तुम्ही असे बसलेले दिसलात, म्हटलं छातीत कळ आली की काय. म्हणून धावत आले तर हे. परातीत लसणाचं पाणी आहे, हात भरून आलेत माझे.

गियांतो: खाली ठेवू नकोस.

रात्मी: ठेवत नाहीये. फणसाची भाजी गॅसवर आहे, तीही बघत नाहीये.

गियांतो: तीन दिवसांत दोन खड्डे सोडले तिने. हा तिसरा. हाही सोडला तर चौथा खणायची ताकद तिच्यात नाही. अंडी आतच अडतील.

रात्मी: अडली की काय होतं ते मला माहीत आहे.

गियांतो: डोकं आत गेलं. आता कंबर दिसतेय.

रात्मी: मग ओढा ना चादर पटकन.

गियांतो: नको. मध्येच मागे येते आणि बघते. अर्ध्या तासात चार वेळा आली. शेपटीसकट आत जाऊन उलटी फिरेल, तेव्हा हलायचं. तोवर नाही.

रात्मी: म्हणजे तासभर?

गियांतो: लागला तर.

रात्मी: आणि जुम्म्याची नमाज?

गियांतो: बाराला वेळ आहे अजून.

रात्मी: आणि हार्तोयोदादा? ते अकराला येणार आहेत ब्लितारहून. हिच्या दोन पोरी न्यायला, त्या पाचव्या पिंजऱ्यातल्या.

गियांतो: येईल तेव्हा बघू.

रात्मी: मग आत्ताच सांगते. तुम्हाला उठून जाता येत नाहीये, तोवरच.

गियांतो: काय?

रात्मी: एरवी मी तोंड उघडलं की तुम्हाला रातकिड्यांना कोबी घालायची आठवण होते.

गियांतो: रात्मी, काय सांगायचंय?

रात्मी: त्या पोरी दादांना देऊ नका.

गियांतो: का?

रात्मी: ही सात नाही. बहुतेक.

गियांतो: कोण ही?

रात्मी: ही. बादलीतली. ही बहुतेक अकरा आहे.

गियांतो: पिंजऱ्यावर सात लिहिलंय.

रात्मी: पिंजऱ्यावर लिहिलंय. तिच्या पाठीवर नाही.

गियांतो: ही चेष्टा करायची वेळ आहे का?

रात्मी: परात धरून, मुंगी चढवून घेऊन मी चेष्टा करीन का? ऐका. तुम्हाला डेंगी झाला होता ते लेबारान, ईदचं. यंदाचं नव्हे, त्याच्या आधीचं. सणाला दोन दिवस राहिले होते. पडदे धुवून झाले, चटया धुवून झाल्या, आणि पडवीला हा वास. तुमची बहीण येणार होती. ती नाकाला रुमाल लावते आणि वर म्हणते, सवय होते हो वहिनी. म्हटलं, पिंजरेही धुऊन टाकू.

गियांतो: पिंजरे तू धुतलेस?

रात्मी: साबणाने नाही. गरम पाण्याने. तेवढं मला कळतं. एकेकाला काढून जास्वंदीवर ठेवलं. नर लांब लांब ठेवले, फुगतात म्हणून. माद्या दोनच, त्या एका फांदीवर. सात वरती, अकरा खालती. मी आपली घोकतेय, सात वरती, अकरा खालती. तेवढ्यात दवाखान्यातून फोन. तुमच्या पेशी तीस हजारांवर आल्या.

गियांतो: अठ्ठावीस.

रात्मी: अठ्ठावीस. मी तिथेच बसले ओल्यात. किती वेळ ते नाही आठवत. वर बघितलं तर दोघी शेजारी शेजारी. वरती कोणी नाही, खालती कोणी नाही. दोघींचा तोच मातकट गुलाबी रंग. दोघींचा एक डोळा माझ्याकडे, एक आभाळाकडे.

गियांतो: मग?

रात्मी: मग उजवीकडची सातच्या पिंजऱ्यात घातली.

गियांतो: उजवीकडचीच का?

रात्मी: तिची मान जरा जाड वाटली.

गियांतो: मान.

रात्मी: वाटली तेव्हा.

गियांतो: म्हणजे बरोबरही घातली असशील.

रात्मी: दीड वर्ष रोज सकाळी मी स्वतःला हेच सांगतेय. पाणी फवारताना. बरोबरच घातली असशील गं रात्मी.

गियांतो: मग आज काय झालं?

रात्मी: आज नाही, परवा. हिच्या मुलाच्या कुशीवर तांबडी रेघ आलीय. तुम्ही पण बघितलीत.

गियांतो: थंडी आहे. थंडीने होतं.

रात्मी: थंडीने काळवंडतात. तांबडं थंडीने येत नाही, हे कुणी शिकवलं मला? आल्यागेल्याला ऐकवता की. मादागास्करच्या त्या चिमुकल्या बेटाचे निळे-हिरवे, उत्तरेकडचे तांबड्या पट्ट्यांचे. रंग नराला, मादी सगळीकडे एकसारखी, म्हणून मादीचं गाव लिहून ठेवायचं. बेटाचा बाप आणि बेटाची आई, तर पोराच्या अंगावर तांबडं कुठून आलं?

गियांतो: एकाच पोराला आहे.

रात्मी: तिघांना. तुम्ही हल्ली त्या पिंजऱ्यासमोर उभेच राहत नाही.

गियांतो: माती उडतेय. खणतेय अजून.

रात्मी: हो. खणू दे.

गियांतो: अकरा मेली ना गेल्या पावसाळ्यात.

रात्मी: मेली.

गियांतो: नराला न लावताच मेली. मी म्हटलं, जाऊ दे, पट्टेवाली होती. पपईखाली पुरली.

रात्मी: मीच खड्डा केला.

गियांतो: म्हणजे पपईखाली.

रात्मी: सात आहे. बहुतेक.

गियांतो: बहुतेक म्हणू नकोस.

रात्मी: सात आहे.

गियांतो: मग माझ्याकडे बेटाची एकही मादी उरली नाही.

रात्मी: नाही उरली.

गियांतो: सतरा वर्षं जपलं.

रात्मी: अहो, खांदा. खांदा हलला तुमचा. ती मागे येतेय.

गियांतो: गप्प.

रात्मी: मी गप्पच आहे, तुम्ही श्वास घ्या.

गियांतो: बघतेय.

रात्मी: कुणाकडे?

गियांतो: दोघांकडे.

रात्मी: या बाई. काही नाही इथे. एक खांब आहे आणि एक दगड.

गियांतो: गेली आत.

रात्मी: हुश्श.

गियांतो: तेव्हाच का नाही बोललीस? मी घरी आलो त्या दिवशी?

रात्मी: तीन नंबर आठवते?

गियांतो: तिचा इथे काय संबंध?

रात्मी: चार वर्षं झाली. ती अशीच खणत होती आणि मी चादर उचलून आत बघितलं. कौतुक वाटलं हो, बाकी काही नाही. तिने खड्डा सोडला. पाचव्या दिवशी पोटात अंडी घेऊन गेली. तुम्ही मला काय बोललात?

गियांतो: काही नाही.

रात्मी: शिवी दिलीत?

गियांतो: नाही.

रात्मी: पडवीला कुलूप घातलंत. दोन महिने. माझ्या घरात, माझ्या मोरीच्या वाटेवर. मी पावसात अंगणातून वळसा घालून धुणं धुवायला जायचे आणि शेजारची विचारायची, काय हो, पाहुणे आलेत का? मी सांगायचे, हो, जावई आलेत.

गियांतो: मला बोलता येत नाही.

रात्मी: येत नाही ना? मग मलाही नाही आलं. त्या वेळी एक शिवी हासडली असतीत, तर ही गोष्ट मी त्याच संध्याकाळी दवाखान्यात येऊन सांगितली असती.

हार्तोयो: सलाम अलैकुम! घरात माणसं आहेत, की सगळे झाडावर चढलेत?

गियांतो: आला.

रात्मी: वालैकुम सलाम! दादा, तिथेच थांबा! आत येऊ नका!

हार्तोयो: का, वहिनी? पुतळ्यासारख्या उभ्या आहात त्या?

गियांतो: दादा, सात नंबर खणतेय. चादर पडलीय.

हार्तोयो: अरे देवा. कितवा खड्डा?

गियांतो: तिसरा.

हार्तोयो: मग मी मेलो असं समजा. प्रेत कुठे ठेवू?

गियांतो: स्वयंपाकघरात. चपला काढून, हळू पाऊल टाका. फ्रिजच्या अलीकडेच थांबा.

रात्मी: आणि आधी गॅस बंद करा, दादा. फणसाची भाजी आहे.

हार्तोयो: केला. भाजी होती, वहिनी. आता कोळसा आहे. थांबा, पाणी घालून खरवडतो. बायको म्हणते, हार्तोयो, तुला करपलेलं भांडं आणि म्हातारे सरडे, दोनच गोष्टी कळतात.

गियांतो: रात्मी.

रात्मी: भांडं खरवडतायत, ऐकू नाही जात त्यांना. बोला.

गियांतो: आज काही बोलू नकोस.

रात्मी: मग कधी?

गियांतो: आणखी दोन महिने जाऊ देत. पोरांचा रंग पुरता येऊ दे. खात्री झाली की मीच सांगेन.

रात्मी: मग पोरीही दोन महिने इथेच राहू देत.

गियांतो: त्याचा नर सहा वर्षांचा झालाय. आज आहे, उद्या नाही. सगळ्यांना सांगून आलाय तो.

रात्मी: म्हणूनच ना! म्हाताऱ्याचं शेवटचं लग्न, आणि नवरी भलतीच?

हार्तोयो: काय कुजबुज चाललीय नवरा-बायकोची? ह्या वयात? गियांतो, ऐक लेका. माझ्याकडची शेवटची अंडी सगळी बसली. बावीसच्या बावीस. पिळलेल्या लिंबासारखी. रक्त फार जवळचं झालंय, मामा-भाची, भाऊ-बहीण, काय उरलंच नाही. म्हटलं, आता एकच घर. आपल्या सरडेवाल्यांच्या बैठकीत तो मालांगचा नवा पोरगा विचारत होता, गियांतोच्या मादीचं गाव कशावरून खरं? मी म्हटलं, बाळा, गियांतोने लिहिलं म्हणजे लिहिलं. माद्या तर सगळ्याच मातकट. तिथे अंगावरचा रंग बघायचा नसतो, लिहिणाऱ्याचा हात बघायचा असतो.

रात्मी: ऐकलंत?

गियांतो: ऐकलं.

हार्तोयो: काय ऐकलं? अरे, आणि मशिदीत कुराण लागलं बघ. मला जुम्मा इथेच पढून मग निघायचंय, पावसाच्या आत. एक काम करू का? पाचवा पिंजरा ह्या दाराशीच आहे. पडद्याआडून हात घालतो आणि दोघींना पिशवीत घेतो. तुझ्या बाळंतिणीला इथून माझं नखही दिसणार नाही. घेऊ?

रात्मी: अहो.

हार्तोयो: घेऊ का, गियांतो?

गियांतो: घ्या.

हार्तोयो: बिस्मिल्ला. ये गं. ये, पोरी. काय पकड आहे हिची! फांदी सोडत नाही.

रात्मी: दादा, हात काढा.

हार्तोयो: चावत नाही हो, वहिनी.

रात्मी: हात काढा म्हणते. तिला राहू द्या फांदीवर. ह्यांना तुम्हाला काही सांगायचंय.

गियांतो: रात्मी!

रात्मी: मी नाही सांगणार. मी सांगितलं तर बायकोची बडबड होईल. तुम्ही सांगा. नाहीतर मी ही परात टाकते.

गियांतो: टाकणार नाहीस तू.

रात्मी: नाही टाकणार. तिचा जीव जाईल. पण सांगा.

हार्तोयो: काय चाललंय? हात काढलाय मी. बोल.

रात्मी: बोला.

गियांतो: दादा, त्या बेटाच्या नाहीत.

हार्तोयो: कोण?

गियांतो: दोघी. त्यांची आई सात नंबर नाही. अकरा नंबर आहे, पट्टेवाली. दीड वर्षापूर्वी पिंजरे धुताना दोघींची अदलाबदल झाली. मी धुतले.

रात्मी: मी धुतले. हे दवाखान्यात सलाइनवर होते.

गियांतो: मी चिठ्ठी पिंजऱ्यावर लावली. अंगावर खूण केली नाही. म्हणून मी.

हार्तोयो: थांब. थांब जरा. नक्की?

गियांतो: तीन पोरांच्या कुशीवर तांबडं आलंय.

हार्तोयो: कधी बघितलंस?

गियांतो: बारा दिवस झाले.

रात्मी: बारा? मला वाटलं, परवा.

गियांतो: बारा.

हार्तोयो: बारा दिवसांपूर्वी बघितलंस. आणि मंगळवारी मला फोनवर म्हणालास, ये, पोरी तयार आहेत.

गियांतो: म्हणालो.

हार्तोयो: आणि आत्ता म्हणालास, घ्या.

गियांतो: हो.

हार्तोयो: माझा हात आत होता, गियांतो. माझ्या हाताला तिचा पाय गुंडाळला होता.

रात्मी: दादा, पाणी घ्या. मडकं आहे तिथे, झाकणाखाली.

हार्तोयो: नको. केदिरीच्या सुरोतोला दोन दिल्यास ना? ह्यांच्याच बहिणी?

गियांतो: गेल्या महिन्यात.

हार्तोयो: लावल्या त्याने नराला?

गियांतो: एक लावली. पोटात आहेत.

हार्तोयो: तो त्यातली चार पिल्लं मालांगला देणार आहे. मालांगवाला पुढे आणखी कुणाला. तीन वर्षांनी एकाही घरात बेटाचं काही शिल्लक राहणार नाही आणि कुठून बिघडलं हे कुणाला कळणार पण नाही. सांग त्याला.

गियांतो: जुम्म्यानंतर सांगतो.

हार्तोयो: आत्ता. फोन कुठाय तुझा?

गियांतो: फ्रिजवर.

रात्मी: हळू चाला, दादा.

हार्तोयो: मला चालायला शिकवू नका, वहिनी. उचलत नाहीये तो. मशिदीत गेला असेल. आवाज पाठव. मी दाराआडून फोन धरतो, बटण दाबून. मोठ्याने बोल. धरलंय.

गियांतो: सुरोतो, गियांतो बोलतोय. तुला दिलेल्या दोन माद्या बेटाच्या नाहीत. त्यांची आई पट्टेवाली आहे. पिंजरे धुताना बदलली. चूक माझी.

रात्मी: सुरोतोभाऊ, धुतले मी. ह्यांना माहीत नव्हतं.

गियांतो: बारा दिवस माहीत होतं. अंडी येतील त्यांच्यावर बेट लिहू नकोस. मालांगला दिलीस तर सांगून दे. सांगायला लाज वाटली तर माझं नाव सांग.

हार्तोयो: अजून काही?

गियांतो: नाही. सोडा बटण.

हार्तोयो: गेला.

रात्मी: अहो, तिचं बघा.

गियांतो: बघतोय. शेपटीचं टोक दिसतंय फक्त.

हार्तोयो: मी निघतो.

रात्मी: जेवून जा, दादा. भात आहे. तेम्पे तळते लगेच, हिचं झालं की.

हार्तोयो: भूक नाही. भांडं भिजत घातलंय, वहिनी, रात्रीपर्यंत सुटेल.

गियांतो: दादा, पुढच्या महिन्यात बैठकीला मी येतो. सगळ्यांसमोर सांगतो.

हार्तोयो: तू येशील त्याच्या आधी पोहोचलेलं असेल ते. जावा लहान आहे.

गियांतो: तरी येतो.

हार्तोयो: ये. खुर्ची असते तिथे. त्या म्हाताऱ्याचं काय करू माझ्या, ते मात्र मला माहीत नाही. पिशवी रिकामी नेतोय मी, हे त्याला कळणार नाही एवढंच बरं. जुम्म्याला येतोस?

गियांतो: ती आत जाईपर्यंत नाही.

हार्तोयो: बरोबर आहे. नको हलूस.

रात्मी: खुदा हाफिज, दादा.

हार्तोयो: हं.

रात्मी: गेले?

गियांतो: गाडीचा आवाज आला नाही.

रात्मी: आला आत्ता. गेले. सलामही नाही केला जाताना.

गियांतो: नाही केला.

रात्मी: तुम्हाला राग आलाय माझा?

गियांतो: आलाय.

रात्मी: मग काढा.

गियांतो: कसा काढतात?

रात्मी: काहीतरी म्हणा. मला म्हैस म्हणा. माझा बाप माझ्या आईला म्हैस म्हणायचा आणि मग दोघं भात खायचे.

गियांतो: म्हैस.

रात्मी: जमलं नाही. फवाऱ्याला म्हणाल्यासारखं म्हणालात.

गियांतो: मान जाड वाटली म्हणे. मान! अगं, मी तुला आयुष्यात एवढंच एक शिकवलं, की मादीची मान बघायची नसते! दवाखान्यात मरत होतो मी आणि तू इथे पिंजरे धूत होतीस! कुणी सांगितलं होतं? माझी बहीण रुमाल लावते तर लावू दे ना, म्हशे, तिला गोणपाट लावू दे तोंडाला!

रात्मी: हां.

गियांतो: काय हां?

रात्मी: हे ठीक होतं.

गियांतो: शेपूट आत गेली.

रात्मी: पूर्ण?

गियांतो: पूर्ण. माती हलतेय आतून. उलटी फिरतेय.

रात्मी: खरंच फिरली?

गियांतो: नाक दिसतंय. डोळे मिटलेत. आता टाकेल.

रात्मी: अल्हम्दुलिल्लाह. ठेवू परात?

गियांतो: ठेव. हळू. आता चादर माझ्याकडे दे. वरचं टोक. हं. झालं.

रात्मी: माझ्या दंडांना काही कळतच नाहीये. आणि मुंगी कधी उतरली, चावली की नाही, देव जाणे. उठा आता.

गियांतो: पाय झोपलेत.

रात्मी: हात धरा माझा. खुतब्याचं प्रवचन सुरू झालंय, पण धावत गेलात तर शेवटच्या रांगेत मिळेल जागा. टोपी खुंटीवर आहे.

गियांतो: बसतो थोडा.

रात्मी: इथे?

गियांतो: इथेच. तूही बस.

रात्मी: फरशी ओली आहे.

गियांतो: बस गं.

रात्मी: बसले. ह्या अंड्यांच्या डब्यावर काय लिहायचं?

गियांतो: आई पट्टा, बाप बेट. तारीख.

रात्मी: नको असतील ती कुणाला तर?

गियांतो: आपल्याला ठेवू. पिंजरे आहेत.

रात्मी: बरं.

गियांतो: रात्मी.

रात्मी: हं?

गियांतो: दोन हजार सात साली सुराबायात, पाखरांच्या बाजारातून मी सातच्या घराण्यातली पहिली मादी आणली, तिच्या पिशवीवर गावाचं नाव नव्हतं. बेट मी लिहिलं.